उजव्या कानात सतत शिट्टी : बडोद्यात आधी कुणाला दाखवायचं, काय तपासायचं?

सुरसागरकाठची

नमस्कार. सासऱ्यांसाठी विचारते आहे. वय ६३. साधारण पाच आठवडे झाले, फक्त उजव्या कानात बारीक, उंच पट्टीतली शिट्टी वाजत राहते. दिवसा टीव्ही, भाजीवाला, नातवंडं या गडबडीत विसरतात. रात्री दिवा मालवला की शिट्टी हजर. चक्कर नाही, कान दुखत नाही, वाहत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, बीपीसाठी ॲम्लोडिपिन आणि हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू आहे.

फॅमिली डॉक्टरांनी कान पाहिला आणि "वयाचं आहे, सवय करून घ्या" म्हणाले. बी-१२ आणि बीटाहिस्टिन लिहून दिली. पंधरा दिवसांत काडीचा फरक नाही. घरात आता दोन तट पडलेत: एक म्हणतो लसूण कढवून कोमट तेल सोडा, दुसरा म्हणतो थेट मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. त्यात मोबाइलवर 'कर्णनाद मुळापासून घालवा' छापाच्या जाहिराती.

तर ईएनटी की न्यूरो? तपासण्या कोणत्या आणि कोणत्या क्रमाने? एमआरआय खरंच लागतो का? आणि तोवर रात्रीची झोप कशी लावायची?

श्रवण_अलकापुरी (ऑडिओलॉजिस्ट)

ताई, क्रमबिम नंतर. आज सासऱ्यांना आधी एकच विचारा: उजव्या कानाने कमी ऐकू येतंय का, आणि येत असेल तर ते हळूहळू झालं की एखाद्या सकाळी कान एकदम बंद झाल्यासारखा वाटला?

घाई एवढ्यासाठी की दोन-तीन दिवसांत अचानक आलेला बहिरेपणा ही कानाची तातडीची गोष्ट आहे. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या (ऑडिओमेट्रीच्या) आलेखावर, लागून असलेल्या तीन फ्रिक्वेन्सींना ३० डेसिबल किंवा जास्त घट, आणि ती ७२ तासांच्या आत आलेली, अशी त्याची व्याख्या. तिथे स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त. ती वेळ टळली तर पडद्यातून मधल्या कानात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, तेही साधारण सहा आठवड्यांपर्यंत. तुमचे पाच झालेत. उत्तर 'अचानक' असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता उद्या सकाळी ओपीडीत जा. पुष्कळदा माणूस शिट्टीचीच तक्रार करतो आणि ऐकू कमी येतंय हे त्याच्या गावीही नसतं, कारण दुसरा कान सांभाळून घेतो.

घरच्या घरी अंदाज असा घ्या. एकच फोन आधी डाव्या, मग उजव्या कानाला लावायला सांगा. आवाज येतो पण शब्द उमगत नाहीत असं उजवीकडे होतं का बघा. मग तोंड मिटून "हंऽऽ" असा हुंकार काढायला सांगा. हुंकार बिघडलेल्या कानात जास्त घुमला तर मळ, पाणी, पडदा असं बाहेरच्या किंवा मधल्या कानाचं काम असण्याची शक्यता. चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानाची शंका. हा नुसता अंदाज आहे, यावरून काही ठरवायचं नाही.

कुणाकडे? कान-नाक-घसा. न्यूरोकडे जायची वेळ आलीच तर ईएनटीच पाठवतील. सयाजी इस्पितळात, म्हणजे एसएसजीत, ईएनटी विभाग आहे आणि ते बडोदा मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. खाजगीत जायचं असेल तर ज्यांच्याकडे साउंडप्रूफ खोलीत ऑडिओमेट्री होते तिथेच जा. ऑडिओलॉजिस्टचा आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. श्रवणयंत्राच्या दुकानात फुकट होणारी 'कानाची तपासणी' म्हणजे ऑडिओमेट्री नव्हे.

ऑडिओमेट्री दिसायला सोपी, पण बिघडवायलाही सोपी, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

मळ आधी काढून घ्या. मळ असताना काढलेला ग्राफ रद्दी. आदल्या रात्री गरबा, वरघोडा (वरात), मिक्सर-ग्राइंडर यांपासून लांब, निदान १४-१६ तास शांततेत. खोलीत शिरल्यावर तंत्रज्ञाला आधीच सांगा की उजव्या कानात शिट्टी आहे. मग तो सलग सूर न देता तुटक-तुटक किंवा थरथरता सूर देईल. सलग सूर दिला की मशीनचा सूर कुठला आणि स्वतःची शिट्टी कुठली हे रुग्णाला कळत नाही, बटण नको तिथे दाबलं जातं आणि नेमक्या ४००० आणि ६००० हर्ट्झच्या जागी आकडे खोटे येतात.

दुसरी चूक मास्किंगची. एका कानाला दिलेला सूर हेडफोनने साधारण ४० डेसिबलच्या पुढे गेला की कवटीतून पलीकडे झिरपतो आणि चांगला कान तो ऐकतो. कानामागच्या हाडावर ठेवून सूर देणाऱ्या मशीनने तर जवळपास लगेचच. चांगल्या कानात त्या वेळी मुद्दाम खरखर सोडली नाही तर वाईट कानाचा आलेख आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. कागदावर खूण ओळखायची ती अशी: उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली, मास्किंग करून घेतलेलं असेल तर उजवीकडे त्रिकोण, डावीकडे चौकोन. दोन्ही कानांत ४० डेसिबल किंवा जास्त फरक आहे आणि कागदावर त्रिकोण एकही नाही, तर तपासणी पुन्हा करून मागा.

तिसरं, २५० ते ८००० या पट्ट्यात ३००० आणि ६००० हर्ट्झ आवर्जून घ्यायला सांगा. अनेक ठिकाणी हे दोन गाळतात आणि आवाजाने झालेली इजा नेमकी तिथेच लपते.

आणि एक बडोद्याची खास अडचण. शब्द ओळखायची चाचणी होते तेव्हा यादी बहुधा गुजराती किंवा हिंदी असते. घरात जन्मभर मराठी बोललेल्या माणसाचे गुण तिथे उगाच कमी येऊ शकतात. तंत्रज्ञाला मराठी शब्द घ्यायला सांगा. नसतील तर त्यांना सर्वांत सवयीची भाषा कुठली ते आधी सांगा.

सोबत टिम्पॅनोमेट्री (पडदा आणि मधला कान दाबाने तपासणं), आणि शिट्टीची पट्टी व मोठेपणा जुळवणं. शिट्टी कितीही कर्कश वाटली तरी जुळवून बघितलं की ती बहुधा ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या ५-१० डेसिबल वरच निघते. हा आकडा रुग्णाला जरूर सांगावा, पण "एवढीशीच तर आहे" अशा सुरात नव्हे.

कर्णपटल (कान-नाक-घसा)

वरच्या उत्तराला पूर्ण दुजोरा. माझ्याकडून औषधं आणि तेल.

तेल अजिबात नको. पडद्याला भोक आहे की नाही हे घरात कुणालाच माहीत नसतं. असेल तर तेल मधल्या कानात उतरतं. दमट हवेत तेलकट कानात बुरशी धरते ती वेगळीच. आणि 'कोमट' म्हणजे किती हे ठरवणारं बोट बाहेरचं असतं, आतली कातडी कागदासारखी पातळ. मळ असेलच तर तो मऊ करायचे थेंब ३ ते ५ दिवस घालून मग डॉक्टरकडून काढायचा, तेही पडदा शाबूत आहे हे पाहून. काडीने मळ निघत नाही, आत ठासला जातो.

बीटाहिस्टिन मेनिएर या आतल्या कानाच्या आजारातल्या चक्करसाठी वापरतात. नुसत्या कर्णनादासाठी ती देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या ईएनटी अकादमीच्या २०१४ च्या मार्गदर्शनात जिंको, झिंक, मेलाटोनिन यांचीही शिफारस नाही. जिंकोची तर ॲस्पिरिनबरोबर रक्तस्रावाची जास्तीची जोखीम. बी-१२ ची गोष्ट मात्र थोडी निराळी: मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ खरोखर कमी होतं. तेव्हा रक्तातली पातळी मोजा आणि कमी असेल तर गोळी घ्या, पण ती शिट्टीची गोळी म्हणून नव्हे.

७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. ॲस्पिरिनने कान वाजतात हे खरं, पण ते दिवसाला काही ग्रॅमच्या डोसला. ज्यांच्याकडे संशयाने बघावं ती औषधं म्हणजे जेंटामायसिन-अमिकासिनची इंजेक्शनं, क्विनीन, कॅन्सरचं सिसप्लॅटिन आणि शिरेतून मोठ्या डोसात दिलेलं फ्युरोसेमाइड. गेल्या वर्षभरात यातलं काही झालं असेल तर फाइल सोबत न्या.

न्यूरोकडे का धावायचं नाही तेही सांगतो. बहुतेक कर्णनादाची सुरुवात आतल्या कानातल्या केसपेशी झिजण्यातून होते. त्या भागातून मेंदूला मिळणारा संदेश घटतो, तेव्हा वरची श्रवणकेंद्रं आपला आवाज वाढवून बसतात. रेडिओवर स्टेशन लागेना की आपण बटण फिरवत जातो आणि खरखरच मोठी होते, तसं. म्हणून शिट्टीची पट्टी साधारण तिथेच येते जिथे ऐकणं कमी झालंय. मेंदूचा यात हात आहे, पण हा मेंदूचा रोग नव्हे.

यातून वेगळा काढायचा तो ठोक्याचा आवाज. मनगटावर नाडी धरून बघा: कानातला आवाज नाडीबरोबर धक्-धक् येत असेल तर मार्ग निराळा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बीपी, स्टेथोस्कोपने मान आणि कानामागे ऐकणं, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, मग रक्तवाहिन्यांचं स्कॅनिंग. तुमच्याकडे शिट्टी आहे, तेव्हा हे सोडून देऊ.

चेहरा एका बाजूला ओढला गेला, तोल जाऊ लागला, किंवा ऐकणं एकदम पडलं, तर थेट इमर्जन्सी.

सुरसागरकाठची

दोघांचेही आभार. विचारलं. सासरे म्हणाले, अचानक काही झालं नाही. पण वर्ष-दीड वर्षापासून ते फोन डाव्याच कानाला लावतात. आम्ही कुणी लक्षच दिलं नव्हतं. ईएनटींनी तपासलं, मळ नव्हता, पडदा ठीक. अचानक आलेलं नाही म्हणून स्टिरॉइड नको म्हणाले. आजचा रिपोर्ट देते:

उजवा : ५०० ला २५, १००० ला ३०, २००० ला ४५, ३००० ला ६०, ४००० ला ७०, ६००० ला ७०, ८००० ला ७५.
डावा : २०, २०, २५, ३०, ४०, ४५, ४५.
हाडाचे आकडे जवळपास हवेसारखेच. टिम्पॅनो दोन्हीकडे 'ए', म्हणजे नॉर्मल. शब्द ओळखणं उजवीकडे ६४ टक्के, डावीकडे ९२. शिट्टी ६००० ला जुळली. मराठी शब्दच घेतले.

एमआरआय लिहून दिलाय, त्याने घरात घबराट आहे.

श्रवण_अलकापुरी

रिपोर्ट व्यवस्थित आहे. हवा आणि हाड बरोबर म्हणजे मधला कान सुटला. घट आतल्या कानाची किंवा नसेची. डाव्या कानाचा आलेख ६३ व्या वर्षी असतो तसाच, उंच पट्टीत हळूहळू उतरणारा. तो 'वयाचा'. उजवा तेवढ्याच वयाचा आहे, तरी ३००० ला तो डाव्यापेक्षा ३० डेसिबल खाली आहे. वय दोन्ही कानांचं एकच असतं, म्हणून 'वयाचं आहे' हे उत्तर इथे पुरत नाही. ३००० हर्ट्झला १५ डेसिबल किंवा जास्त फरक किंवा लागून असलेल्या दोन फ्रिक्वेन्सींना १५ चा फरक, या दोन्ही कसोट्यांनी एमआरआय मागणं रास्त आहे. उलट दोन्ही कान सारखे आणि शिट्टी दोन्हीकडे असती तर एमआरआय उगाच ठरला असता.

६४ टक्क्यांकडेही बघा. आवाज पुरेसा मोठा करून दिला तरी दर तीन शब्दांतला एक चुकतोय. फोन डावीकडे गेला तो यामुळेच. माणूस तक्रार करायच्या आधी त्याचा हात कान बदलतो.

कर्णपटल

घबराट कमी करायला: एमआरआय कशासाठी, तर ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर होणारी गाठ, व्हेस्टिब्युलर श्वानोमा, नाही ना हे बघायला. ती कॅन्सरची गाठ नसते, बहुधा फार सावकाश वाढते, आणि लहान सापडली तर पुष्कळदा नुसती ठरावीक अंतराने स्कॅन करून नजरेखाली ठेवतात. असा एकतर्फी आलेख असणाऱ्यांपैकी बहुतेकांत ती सापडत नाहीच.

मात्र कागदावर काय लिहिलंय ते तपासा. नुसतं 'एमआरआय ब्रेन' असेल तर जाड काप घेतले जातील आणि काही मिलिमीटरची गाठ दोन कापांच्या मधून निसटेल. 'इंटर्नल ऑडिटरी कॅनाल, पातळ काप' असं हवं. कॉन्ट्रास्ट द्यायचं ठरलं तर मधुमेह आहे म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी. हृदयात स्टेंट बसवला असेल तर त्याचं कार्ड न्या. बहुतेक स्टेंट चालतात, पण पेसमेकर असेल तर आधी फोन करून विचारा. एमआरआय जमतच नसेल तर बेरा (आवाज देऊन ऐकण्याच्या नसेचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) करतात, पण एक सेंटीमीटरच्या आतली गाठ बेरात सहज सुटते, हे लक्षात ठेवून.

मनकवडा_सयाजीगंज (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट)

रात्रीच्या झोपेचं कुणी लिहिलं नाही, ते मी घेतो.

संपूर्ण शांत खोली हा अशा माणसाचा शत्रू. खोलीत मंद आवाज राहू द्या: पंखा, पावसाचा किंवा वाहत्या पाण्याचा आवाज, मोबाइलवरची सपाट खरखर. गाणी किंवा बातम्या नकोत, कारण मन त्यांच्यामागे जातं. इयरफोन नको, उशाजवळ छोटा स्पीकर. टायमर लावू नका, मध्यरात्री आवाज थांबला की जाग येते.

आवाज किती ठेवायचा यात नव्वद टक्के लोक चुकतात (हा आकडा बोलण्याचा, मोजलेला नव्हे). शिट्टी पूर्ण बुडेल इतका मोठा ठेवतात. मग मेंदूला शिट्टी ऐकू येतच नाही, आणि जे ऐकूच येत नाही त्याची सवय कशी व्हायची? शिट्टी आणि खरखर दोन्ही ऐकू येतात, एकमेकांत मिसळायला लागतात, तिथे थांबायचं. किंवा त्याहून थोडं खाली. मराठीत 'कानात तेल घालून बसणं' म्हणतात ना, म्हणजे ऐकू येऊनही दुर्लक्ष करणं, तेच मेंदूला शिकवायचं आहे. खरं तेल नको, ते वर सांगून झालंच. पोलिश-अमेरिकन शास्त्रज्ञ यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रतिमानावर उभी असलेली टिनिटस रीट्रेनिंग थेरपी याच तत्त्वावर चालते. तिला १२ ते २४ महिने लागतात, हे सुरुवातीलाच सांगावं. दोन महिन्यांत सोडणारेच जास्त.

त्रास किती हे मोजायला टीएचआय नावाची २५ प्रश्नांची यादी आहे. 'हो' ला ४, 'कधीकधी' ला २, 'नाही' ला ०. १६ पर्यंत नगण्य, १८ ते ३६ सौम्य, ३८ ते ५६ मध्यम, ५८ ते ७६ तीव्र, त्यावर अतितीव्र. आज भरून घ्या, तारीख टाकून फाइलला लावा, तीन महिन्यांनी पुन्हा भरा. शिट्टीचा आवाज रोज मोजत बसण्यापेक्षा हे बरं. 'आज जास्त आहे की कमी' ही विचारपूस घरच्यांनीही बंद करावी. चहा घेताना सासऱ्यांना रोज हाच प्रश्न आला तर त्यांचं लक्ष तिथेच खिळेल.

मध्यमच्या वर गेलं तर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती. तिने शिट्टी लहान होत नाही. शिट्टीमुळे होणारी तगमग, झोपमोड, चिडचिड कमी होते, आणि कर्णनादावरच्या उपायांत सर्वांत भक्कम पुरावा तिलाच आहे. साधारण ८ ते १२ बैठका. मराठीत बोलणारं कुणी मिळालं तर उत्तम, कारण तगमग दुसऱ्या भाषेत नीट सांगता येत नाही.

चहा-कॉफी तोडायची गरज नाही. एकदम बंद केली तर डोकेदुखीची भर पडेल. संध्याकाळनंतरची मात्र झोपेसाठी टाळा.

जगणं नको असं बोलणं कानावर आलं तर ते 'कंटाळून बोलले' म्हणून सोडू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास.

श्रवण_अलकापुरी

श्रवणयंत्राचंही आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे दुकानदाराच्या तावडीत सापडणार नाही. एमआरआय येईपर्यंत खरेदी नको. नंतर मात्र पहिला विचार यंत्राचाच, कारण उंच पट्टीतले आवाज परत मिळाले की वरच्या केंद्रांना बटण पिळत बसावं लागत नाही. खालच्या पट्टीत त्यांचं ऐकणं बरं आहे, म्हणून कान पूर्ण बुजवणारा साचा नको. उघडी, भोकांची रबरी टोपी. बुजवला की स्वतःचा आवाज घुमतो, बाहेरचे आवाज अडतात आणि शिट्टी वाढल्यासारखी वाटते. यंत्र जुळवणाऱ्याला सांगा की शांततेतले बारीक आवाज कापणारी सोय बंद ठेवा. साध्या ग्राहकाला ती सुखाची, कर्णनादवाल्याला उलटी. निदान दोन ते चार आठवडे घरी वापरून बघायला मागा, आणि रोज जागेपणी बहुतेक वेळ घाला. 'गरज पडली की घालतो' याचा शिट्टीवर काही उपयोग नाही. उजवीकडचे ६४ टक्के बघता शब्द तिथे चकचकीत होतील अशी आशा मात्र दाखवू नका.

ढोलवाला_मांडवी

मध्येच विचारतो, माफ करा. वय २३. नऊ रात्री स्पीकरच्या भिंतीजवळ ढोल वाजवला. नवरात्र संपून आज तिसरा दिवस, दोन्ही कानांत शिट्टी आणि सगळं कापूस घातल्यासारखं. आपोआप जाईल का? शनिवारी पुन्हा कार्यक्रम आहे.

ध्वनीमापक (इंडस्ट्रियल सेफ्टी आणि साउंड)

भाऊ, शनिवारचा कार्यक्रम सोडा. मोठ्या आवाजाने बधिर झालेला कान बहुधा १६ ते ४८ तासांत सावरतो. तिसऱ्या दिवशीही कापूस असेल तर उद्याच ईएनटी आणि ऑडिओमेट्री, ३००० आणि ६००० धरून. आलेख ४००० च्या आसपास खड्ड्यात जाऊन ८००० ला पुन्हा वर येत असेल तर ती आवाजाच्या इजेची सही. एक सावधगिरी: वर येऊन नॉर्मल दिसणारा आलेखही 'काही झालं नाही' असं सांगत नाही, केसपेशी वाचल्या तरी त्यांना जोडलेले नसेचे धागे जाऊ शकतात, आणि ते साध्या ऑडिओमेट्रीत दिसत नाहीत.

हिशेब समजून घ्या. अमेरिकेच्या नायोश संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबल ८ तास चालतं आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. आपल्याकडे कारखान्यांसाठी ९० ला ८ तास ही मर्यादा आहे, ती आधीच सैल. स्पीकरच्या भिंतीसमोर तीन तास म्हणजे कित्येक दिवसांचा कोटा एका रात्रीत. नऊ रात्री ओळीने, मधे कानाला सावरायला वेळच नाही. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या वेळी, गच्चीवरचे स्पीकर याच हिशेबात धरा.

उघड्या मैदानात एका स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात. स्पीकरच्या उंच रांगेजवळ जेमतेम ३. म्हणून 'दोन पावलं मागे सरका' याचा काही उपयोग नाही.

फोमचे प्लग वापरायचे तर नीट वापरा. प्लग बोटांत वळून बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमतो. बाहेरून अर्धा प्लग दिसत असेल तर तो दागिना. पाकिटावर आवाज घटवण्याचा आकडा ३३ लिहिला असला तरी प्रत्यक्षात त्यातून ७ वजा करून निम्मे धरा, म्हणजे १३. १०३ चा आवाज ९० वर येतो; तरी सुरक्षित वेळ अडीच तासांच्या आतच. ढोल वाजवायचाच असेल तर वादकांचे फिल्टरवाले प्लग घ्या, ते सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करतात, त्यामुळे ताल चुकत नाही. कापूस कानात घालून काहीही होत नाही.

सुरसागरकाठची

एमआरआय गुरुवारी. कागदावर 'ब्रेन'च होतं, फोन करून बदलून घेतलं. शेवटचं एकच: त्या मशीनचा आवाज फार असतो म्हणतात. शिट्टी वाढणार नाही ना?

कर्णपटल

मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. प्लग आणि त्यावर हेडफोन, दोन्ही मागा. पुष्कळ ठिकाणी एकच देतात. ते प्लग ध्वनीमापकांनी लिहिलंय तसे तुम्ही स्वतः, मशीनच्या खोलीबाहेर बसवून द्या, कारण आत टेबलावर झोपवून घाईत कोंबलेला प्लग निम्मा बाहेरच राहतो. सासऱ्यांना "एक-दोन-तीन" म्हणायला सांगा. आवाज हंड्यातून आल्यासारखा वाटतो म्हणाले की मगच आत पाठवा.